काटा जोर मोजतो, मग किलो कुठून येतो?

वजन आणि वस्तुमान यांविषयी गोव्याच्या निरनिराळ्या तालुक्यांतून आलेले सहा प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. प्रश्न वेगळे दिसले तरी बहुतेकांचे मूळ एकच आहे: काट्याला कळतो तो खाली दाबणारा जोर, आणि तो आपल्याला आकडा सांगतो तो मात्र वस्तुमानाचा.

प्रश्न : मी नववीत आहे. चाचणीत मी ‘दप्तराचे वजन ५ किलो’ असे लिहिले. टीचरनी गुण कापला आणि बाजूला ४९ न्यूटन लिहिले. मग बाजारात सगळेच वजन किलोत का सांगतात? — विद्यार्थिनी, साखळी

बाजार चुकत नाही आणि तुझ्या टीचरही चुकल्या नाहीत. दोघे एकच शब्द दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतात, एवढेच. चौथीपर्यंत मराठीतून शिकताना ‘वजन’ हा एकच शब्द कानावर पडलेला असतो. पुढे इंग्रजी पुस्तकात मास आणि वेट असे दोन शब्द येतात आणि आपण दोन्हींचा अर्थ मनात ‘वजन’ असाच लावतो. घोटाळा तिथे सुरू होतो.

वस्तुमान म्हणजे वस्तूत असलेले द्रव्य. अधिक नेमके सांगायचे तर थांबलेली वस्तू हलवायला आणि हलती वस्तू थांबवायला किती अवघड जाते, त्याचे माप. ते किलोग्रॅममध्ये मोजतात आणि वस्तू कुठेही नेली तरी ते बदलत नाही. वजन म्हणजे पृथ्वी त्या वस्तूला खाली ओढते ते बल. ते न्यूटनमध्ये मोजतात. वस्तुमानाला त्या जागेच्या गुरुत्वत्वरणाने, म्हणजे पुस्तकातल्या ‘जी’ने, गुणले की वजन मिळते. गोव्यात जी सुमारे ९.७८ मीटर प्रति सेकंद वर्ग आहे. तुझ्या दप्तराचे वस्तुमान ५ किलोग्रॅम आणि वजन ५ × ९.७८, म्हणजे ४८.९ न्यूटन. पुस्तकात जी ९.८ धरतात, म्हणून उत्तर ४९.

न्यूटन केवढा असतो, हे हाताला कळायला हवे. दुकानातले शंभर ग्रॅमचे वजन तळहातावर ठेव. हाताला जो भार लागतो तो १ न्यूटनच्या अगदी जवळचा आहे.

वजन हे बल आहे आणि किलोग्रॅम हे वस्तुमानाचे एकक आहे, असे १९०१ साली वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने स्पष्ट ठरवून दिले. किलोग्रॅम म्हणजे पॅरिसजवळ जपून ठेवलेला प्लॅटिनम-इरिडियमचा एक दंडगोल, ही व्याख्या १८८९ पासून चालत आली होती. त्याची भारताकडे असलेली ५७ क्रमांकाची प्रत नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत आहे. २० मे २०१९ पासून किलोग्रॅमची व्याख्या प्लँक स्थिरांकावरून, म्हणजे निसर्गातल्या एका न बदलणाऱ्या राशीवरून करतात, धातूच्या तुकड्यावरून नव्हे. या सगळ्यात बाजाराचा किलो हा वस्तुमानाचाच किलो आहे. तू तांदूळ घेतेस तेव्हा तुला द्रव्य हवे असते, पृथ्वीची ओढ नव्हे. म्हणून उत्तरपत्रिकेत किलो लिहायचा असेल तर ‘वस्तुमान’ लिही, ‘वजन’ लिहिलेस तर पुढे न्यूटन यायलाच हवा.

प्रश्न : माझे काजूगरांचे दुकान आहे. मुलाने लंडनहून चांगला इलेक्ट्रॉनिक काटा आणला. त्यावर १ किलोचे शिक्क्याचे वजन ठेवले तर ९९७ ग्रॅम दाखवतो. तिथे तो अगदी बरोबर होता, असे मुलगा म्हणतो. प्रवासात बिघडला का? — दुकानदार, म्हापसा

तुमच्या मुलाचे म्हणणे खरे असणार आणि काटाही बहुधा ठीक आहे. बदलली ती जागा.

पृथ्वी स्वतःभोवती फिरते आणि ध्रुवांशी थोडी चपटी आहे, म्हणून विषुववृत्ताकडे जी कमी आणि ध्रुवांकडे जास्त असते. विषुववृत्तावर ९.७८०, ध्रुवावर ९.८३२. लंडनला ९.८१२ आणि गोव्यात ९.७८४ च्या आसपास. दोन्हींचे गुणोत्तर काढले तर ०.९९७ येते. म्हणजे लंडनमध्ये जुळवलेल्या काट्याने गोव्यात किलोमागे जवळपास ३ ग्रॅम कमी दाखवायलाच हवेत. तुमचा काटा नेमके तेच करतो आहे.

आत काय घडते ते पाहा. पारड्याखाली ॲल्युमिनियमचा एक ठोकळा असतो, त्याला लोड सेल म्हणतात. माल ठेवला की तो केसभर वाकतो. त्याला चिकटवलेल्या बारीक पट्ट्या ताणल्या जातात, त्यांचा विद्युतरोध बदलतो आणि त्यावरून आकडा निघतो. ठोकळ्याला वाकवतो तो जोर, म्हणजे न्यूटन. पडद्यावरचा किलो हा कारखान्यात ठरवून दिलेल्या जीने केलेल्या भागाकारातून येतो. स्प्रिंगच्या काट्याचेही तसेच. दोन पारड्यांच्या तराजूला मात्र हा दोष लागत नाही. एका पारड्यात माल, दुसऱ्यात वजन. जी दोन्ही बाजूंना सारखाच गुणला जातो आणि कटतो. जुना तराजू खऱ्या अर्थाने वस्तुमान तोलतो, आणि त्याबद्दल आम्हाला त्याचे मोठे मोल वाटते.

हा फरक परदेशी काट्यापुरताच नाही. दिल्लीत जी ९.७९१ आहे. तिथे जुळवलेला काटा गोव्यात किलोमागे ०.७ ग्रॅम कमी दाखवेल. काजूला ते जाणवणार नाही, पण सोनाराच्या ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर १०० ग्रॅमचे वजन ९९.९३ दिसेल, म्हणजे तब्बल सात घरे खाली. उलट दिशेलाही तसेच. वास्कोतल्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रामार्फत अंटार्क्टिकाच्या मोहिमा जातात. तिथल्या मैत्री स्थानकावर जी ९.८२६ च्या आसपास आहे. गोव्यात जुळवलेल्या काट्यावर ५० किलो भरलेले तांदळाचे पोते तोच काटा तिथे नेऊन तोलले तर ५० किलो २१५ ग्रॅम दिसेल. पोत्यात दाणा एकही वाढलेला नसेल.

घरच्या वापरासाठी काटा असा जुळवा. आधी काट्याचे पाय फिरवून पातळी दाखवणारा बुडबुडा वर्तुळाच्या मध्यावर आणा. काटा चालू करून अर्धा तास तसाच ठेवा, कारण ठोकळा आणि आतले भाग एका तापमानाला यायला वेळ लागतो. पंखा बंद करा. पारडे रिकामे ठेवून शून्य घ्या. मग कॅल लिहिलेली कळ पडदा बदलेपर्यंत दाबून धरा, मागेल तेवढे प्रमाणित वजन पारड्याच्या बरोबर मध्यावर ठेवा आणि आकडा स्थिर झाल्यावरच उचला. नंतर दोन पडताळण्या करा: निम्म्या क्षमतेचे वजन ठेवून आकडा पाहा, आणि क्षमतेच्या एक तृतीयांश वजन चारही कोपऱ्यांवर आळीपाळीने ठेवून पाहा. कोपऱ्यागणिक आकडा बदलत असेल तर तो जीचा दोष नाही. लोड सेल वाकली आहे किंवा पारड्याखाली काहीतरी अडकले आहे, आणि कळ दाबून ते सुधारत नाही. जुळवणीसाठी गंजलेले किंवा तेलकट वजन वापरू नका. त्याची चूक काट्यात जाऊन बसते आणि मग प्रत्येक मापात येते.

दुकानात हा काटा वापरू नका, हे मात्र आग्रहाने सांगतो. व्यापारासाठी मान्यताप्राप्त नमुन्याचा आणि वजन-माप खात्याचा शिक्का असलेलाच काटा लागतो, आणि इलेक्ट्रॉनिक काट्याची फेरतपासणी दरवर्षी करून घ्यावी लागते. शिक्क्याच्या काट्याचे सील तोडून स्वतः जुळवणी करणेही चालत नाही. दुरुस्तीसाठी सील तुटले तर पुन्हा शिक्का घ्यावा लागतो.

प्रश्न : विहिरीतून कळशी ओढताना ती पाण्यात असेपर्यंत फुलासारखी हलकी लागते आणि पाण्याबाहेर येताच हात ओढला जातो. पाण्यात तिचे वस्तुमान कमी होते का? — गृहिणी, पेडणे

वस्तुमान तसूभरही कमी होत नाही. बुडालेल्या वस्तूला पाणी वर ढकलते, आणि हे ढकलणे तिने बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनाएवढे असते. तांब्याची कळशी २ किलोची आणि तीत १० लिटर पाणी आहे असे धरू. विहिरीत असताना आतल्या पाण्याला बाहेरचे पाणी तोलून धरते, त्यामुळे त्याचा भार दोरावर येतच नाही. तांब्यालाही थोडा आधार मिळतो. दोरावर उरतात जेमतेम १७ न्यूटन. पूर्ण बाहेर आली की १२ × ९.७८, म्हणजे ११७ न्यूटन. सुमारे सातपट! हा बदल कळशी पाण्याबाहेर येत असताना, वीतभर अंतरात होतो, म्हणून धक्का बसल्यासारखे वाटते.

वस्तुमान जागच्या जागी असल्याचा पुरावाही तिथेच मिळतो. पाण्यात बुडालेली भरली कळशी झटक्याने हलवून पाहा. ती हलकी असूनही पटकन हलत नाही. ओढ नाहीशी झाली, पण बारा किलोंचा जडपणा आहेच, आणि भोवतालचे पाणीही थोडे बरोबर ओढावे लागते. दोर तुटतो तोही बहुधा याच कारणाने. सावकाश ओढताना दोरावर ११७ न्यूटन असतात, पण कळशी पाण्याबाहेर आल्यावर हिसका देऊन तिला २ मीटर प्रति सेकंद वर्ग एवढे त्वरण दिले तर ताण १२ × ११.७८, म्हणजे १४१ न्यूटनवर जातो. कप्पीशी झिजलेल्या दोराला एवढे पुरे होते. दोर जुना असेल तर कळशी पाण्याबाहेर येताना क्षणभर थांबा, मग संथ ओढा.

घरी पडताळायचे असेल तर हुकाचा काटा घ्या आणि त्याला काळ्या दगडाचा वरवंटा टांगा. हवेत २.९ किलो दाखवत असेल तर पाण्यात पूर्ण बुडवल्यावर तो १.९ च्या आसपास दाखवेल. आता बादली जमिनीवरच्या वजनकाट्यावर ठेवून हेच करा. वरवंटा तळाला न टेकताही खालचा काटा १ किलोने वाढतो. हुकावरून गेलेला भार बादलीवर आला, नाहीसा झाला नाही. वरवंटा तळाला किंवा बादलीच्या बाजूला टेकला तर आकडे फसतात. जांभ्याचा चिरा घेऊ नका. तो छिद्रांत पाणी पीत राहतो, बुडबुडे सोडतो आणि काटा हळूहळू वर चढत जातो.

प्रश्न : मुरगाव बंदरात हजारो टन खनिज माल जहाजात चढतो. एवढ्या मालाला काटा कुठला? टनांचा आकडा कसा ठरवतात? — वाचक, वास्को

जहाज हाच काटा. वर कळशीला लावलेला नियम इथे उलट बाजूने लावतात: तरंगणारे जहाज स्वतःच्या वस्तुमानाएवढे पाणी बाजूला सारते. म्हणून ते माल भरण्यापूर्वी किती बुडाले होते आणि नंतर किती बुडाले, यावरून माल काढतात. या पद्धतीला ड्राफ्ट सर्वे म्हणतात.

जहाजाच्या नाळेला (पुढच्या टोकाला), मध्यावर आणि वरामेला (मागच्या टोकाला), दोन्ही बाजूंना, अशी सहा ठिकाणी खोलीची चिन्हे रंगवलेली असतात. सर्वेअर होडीतून फिरून ती वाचतो. जहाज पुढेमागे कललेले असेल किंवा मधे वाकलेले असेल तर त्याची दुरुस्ती करतो आणि जहाजाच्या तक्त्यांतून त्या खोलीचे विस्थापन, म्हणजे सारलेल्या पाण्याचे वस्तुमान, टनांत काढतो. त्यातून इंधन, गोडे पाणी आणि टाक्यांतले बॅलास्टचे, म्हणजे जहाज स्थिर राहावे म्हणून भरलेले, पाणी वजा करतो. हेच सगळे भरणीआधी आणि भरणीनंतर. दोन उत्तरांतला फरक म्हणजे माल.

चूक कुठे होते? पहिली जागा चिन्हांची. सव्वादोनशे मीटर लांब, बत्तीस मीटर रुंद जहाज एक सेंटिमीटर बुडायला साठ-पासष्ट टन माल लागतो. लाटा असताना घाईने वाचताना झालेली बोटाच्या रुंदीएवढी चूक एक-दोन ट्रकांचा नव्हे, चांगल्या डझनभर ट्रकांचा फरक करते. म्हणून पाणी वरखाली होताना बरेच आकडे घेऊन मध्य काढतात, किंवा काचेच्या नळीत पाणी शांत करून वाचतात. दुसरी जागा पाण्याच्या घनतेची, आणि गोव्यात ती फार महत्त्वाची आहे. समुद्राचे पाणी लिटरला १.०२५ किलो, गोडे पाणी १.०००. पावसाळ्यात झुवारी आणि मांडवी गोडे पाणी आणून ओततात, ते हलके म्हणून वरच्या थरात राहते. एकूण ७०,००० टन विस्थापनाच्या जहाजावर घनता ०.००५ ने चुकली तर हिशेब ३४० टनांनी चुकतो. म्हणून एकाच जागचे वरवरचे पाणी न घेता वेगवेगळ्या खोलीवरचे नमुने घेऊन त्यांत हायड्रोमीटर, म्हणजे घनता मोजणारी तरंगती नळी, बुडवतात, आणि तेही खोलीची चिन्हे वाचतात त्याच वेळी. तिसरी जागा बॅलास्टच्या टाक्यांची. तळाशी राहिलेला गाळ मापात येत नाही.

सगळे नीट केले तरी अर्ध्या टक्क्याची चूक धरूनच चालतात. पण या मापाचा एक मोठा गुण असा की त्यात जी येतच नाही. जहाजाचे वजन आणि सारलेल्या पाण्याचे वजन, दोन्हींना एकच जी गुणला जातो आणि कटतो, अगदी दोन पारड्यांच्या तराजूसारखा. मुरगावला भरलेला माल जपानात उतरवताना जी वेगळा असतो, त्याने टनांत फरक पडत नाही. फरक पडतो तो मालातल्या ओलाव्याने. ओले खनिज वाटेत पाणी सोडते, म्हणून नमुना १०५ अंश सेल्सिअसला वाळवून कोरड्या टनांचा हिशेब वेगळा करतात.

प्रश्न : लिफ्टमध्ये वजनकाट्यावर उभे राहिले तर वजन बदलते, हे खरे का? — वाचक, पणजी

काट्याचा आकडा बदलतो, हे खरे. लिफ्ट वर निघताना तिचे त्वरण १ मीटर प्रति सेकंद वर्ग असेल तर ६० किलोच्या माणसाला काटा ६६ दाखवतो, खाली निघताना ५४. मधल्या मजल्यांवर वेग एकसारखा असतो, तेव्हा पुन्हा ६०. हे पाहायला काट्याचाच, म्हणजे सुईचा, जुना वजनकाटा घ्या. इलेक्ट्रॉनिक काटा आकडा स्थिर होईपर्यंत थांबतो आणि तोवर लिफ्ट वेगात आलेली असते.

अंतराळस्थानकातले तरंगणे हीच गोष्ट टोकाला नेलेली आहे. ४०० किलोमीटर उंचीवरही जी ८.७ च्या आसपास असतो. तिथे गुरुत्व नाही हा समज चुकीचा आहे. स्थानक आणि माणसे एकत्रच पृथ्वीकडे पडत असतात, म्हणून पायाखालचा काटा दाबलाच जात नाही. चंद्रावर मात्र ओढच कमी, १.६२. तिथे ६० किलोच्या माणसाचे वजन ९७ न्यूटन, आणि गोव्याचा काटा त्याला १० किलोंच्या आत दाखवेल.

प्रश्न : गुरुत्वाचा आधार न घेता वस्तुमान मोजता येते, असे वर्गात सांगते, पण मुलांना दाखवू काय? — शिक्षिका, काणकोण

हॅकसॉचे, म्हणजे लोखंड कापायच्या करवतीचे, बारा इंची पाते दाखवा. खर्च फार नाही आणि एका तासिकेत प्रयोग होतो.

दातांवर आधी चिकटपट्टी लावा. पात्याचे एक टोक सी-क्लॅम्पने टेबलाच्या कडेला असे आवळा की २५ सेंटिमीटर पाते आडवे बाहेर राहील आणि त्याची रुंद बाजू उभी असेल. आता ते डावीउजवीकडे झुलेल, वरखाली नाही. हीच या प्रयोगाची किल्ली: झुलणे आडवे असल्याने पृथ्वीची ओढ त्यात भाग घेत नाही, झोके ठरतात ते पात्याच्या ताठरपणावर आणि टोकाला बांधलेल्या वस्तुमानावर. टोकाला एक लहान डबी पट्टीने घट्ट बांधा.

प्रयोगशाळेच्या पेटीतली वजने डबीत ठेवा: आधी काहीच नाही, मग २०, ५०, १००, १५० ग्रॅम. पाते दोन-तीन सेंटिमीटर बाजूला ओढून सोडा आणि २० झोक्यांचा वेळ घ्या. मोजणी ‘शून्य’पासून सुरू करायला सांगा. ‘एक’ म्हणून घड्याळ चालू करणारी मुले एकोणीसच झोके मोजतात, आणि ही चूक दर वर्गात होते. १०० ग्रॅमला एक झोका ०.६ सेकंदाच्या आसपास येतो. वेळाला २० ने भागा, आलेल्या झोक्याच्या वेळाचा वर्ग करा आणि तो वस्तुमानासमोर आलेखावर मांडा. सरळ रेषा येते. ती शून्यातून जाणार नाही. मुले त्याला चूक समजतात, पण ते पात्याचे आणि डबीचे स्वतःचे वस्तुमान आहे. मग एक खडा डबीत ठेवून त्याचा झोका मोजा आणि आलेखावरून त्याचे ग्रॅम वाचा.

डबीत वजने सैल असतील तर ती मागून हलतात आणि झोका विस्कटतो; कापूस कोंबून घट्ट करा. २०० ग्रॅमच्या पुढे गेलात तर पाते पिळते आणि झोका वर्तुळात फिरू लागतो. तेव्हा दोन पाती समांतर लावा आणि डबी त्यांच्या मधे बांधा. पण पाते जुळे झाले की आलेख पुन्हा पहिल्यापासून काढावा लागेल.

अंतराळवीरांचे वस्तुमान याच तत्त्वाने मोजतात. १९७३ साली स्कायलॅब या अमेरिकी अंतराळस्थानकात स्प्रिंगच्या खुर्चीवर झुलवून ते मोजले गेले होते. मुलांना हे प्रयोगानंतर सांगा, आधी नको. पाते झुलताना पाहिलेले असले की खुर्ची लगेच कळते. शेवटी तोच खडा तराजूत तोला. दोन्ही उत्तरांत पाच ग्रॅमपेक्षा जास्त अंतर आले तर आलेखाकडे वळण्याआधी क्लॅम्प हाताने हलवून पाहा. बहुतेक वेळा तोच सैल झालेला असतो.